नजरेला थोडी सवड

मननाला बसलं की आपण आधी डोळे मिटतो. आज ते उघडेच राहू द्या. अहमदपुरात असाल तर संध्याकाळी माळवदावर, नाहीतर स्लॅबवर बसा; बालाघाटचा माळ दिसला की पुरे. हात मांडीवर, मान स्थिर.

आता माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर सावकाश, सलग ओढून बघा. जमतंय असं वाटेल, पण जमत नाही. झाडावरून टाकीवर, टाकीवरून विजेच्या खांबावर अशा उड्या पडतात, सेकंदाला तीन-चार. उडीच्या त्या क्षणापुरतं दिसणं मेंदू जवळजवळ बंद करतो, म्हणून आपल्याला पत्ताही लागत नाही. आता नांदेडच्या रस्त्याला लागलेली एखादी एसटी धरा. तिच्यामागे तीच नजर सलग सरकत जाते. थोडा वेळ हेच चालू द्या.

एक हात समोर लांब करा आणि अंगठ्याचं नख बघा. एका वेळी अगदी स्पष्ट दिसतं ते साधारण एवढंच. भटकल्याशिवाय डोळ्याला जग गोळाच करता येत नाही.

हात पुन्हा मांडीवर ठेवा. तो आता उचलत नाही, जीभही वळत नाही, असं समजा. घाई करू नका, या विचाराशी जरा थांबा. काय उरलं? डोळे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रदीप्त बिस्वास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथूनच सुरुवात केली. चेन्नईच्या विद्यासागर संस्थेतली सेरेब्रल पाल्सी असलेली माणसं त्यांच्यासोबत होती. साध्या वेबकॅमने चेहरा टिपायचा, त्यावरून नजरेचा रोख काढायचा आणि त्या रोखाने यांत्रिक हात चालवायचा. वस्तू उचलून दुसरीकडे ठेवणं या माणसांना त्यातून साधलं. यातल्या अनेकांना नजर एका जागी धरणंच अवघड जातं. यंत्र बनवण्याइतकंच हेही कठीण होतं.

आता तो यांत्रिक हात दूर कुठेतरी आहे आणि तुमची नजर पाळतो आहे, अशी कल्पना करा. तुम्ही पेल्याकडे बघता, तो पेला उचलतो. कुणी हाक मारली म्हणून दाराकडे बघता, तर तो पेल्यासकट दाराकडे निघतो! रॉबर्ट जेकब या अमेरिकी संशोधकाने 1990 च्या सुमारास ही अडचण मांडली आणि तिला हात लावेल ते सोनं करणाऱ्या मिडास राजाचं नाव दिलं. आपल्याला भस्मासुर जवळचा. नुसतं बघण्याची मोकळीकच गेली, तर माणूस बघायलाही भिईल.

म्हणून यंत्राला थांबायला शिकवतात. नजर एका जागी अर्धा-एक सेकंद टिकली तरच ती आज्ञा, नाहीतर नुसतं पाहणं. ज्याचे डोळे लवकर स्थिरावत नाहीत त्याच्यासाठी ही सवड वाढवता येते. मला या साऱ्या खटाटोपात कॅमेऱ्यापेक्षा ही सवड मोठी वाटते. मघाच्या खांबाकडे पुन्हा बघा. नजर सहज गेली आणि तुम्ही ती तिथे ठेवली, यांतला फरक आतून जाणवतो का? यंत्राला तो आतून कळत नाही. त्याच्या हाती फक्त वेळ मोजणं आहे.

2024 पासून काही आयफोनही नजरेने चालवता येतात. पण त्यासाठी अडून राहायचं कारण नाही. घरात कुणाची वाचा आणि हातपाय गेले असतील आणि डोळे फिरत असतील, तर पारदर्शक प्लास्टिकचा एक तक्ता घ्या. कोपऱ्यांत मोठ्या अक्षरांत लिहा: पाणी, कूस, दुखतंय, नको. तो दोघांच्या मध्ये धरा आणि पलीकडून त्यांची नजर कुठे टिकते ते बघा. ती टिकायच्या आत त्यांचं उत्तर तुम्हीच देऊन टाकू नका.