दिलेला शब्द

आज मनाने टिटवाळ्याच्या गणपतीला जाऊ. कसारा लोकलमधून उतरलो, रिक्षाने देवळापाशी आलो, हारवाल्याकडून एकवीस दूर्वांची जुडी घेतली. आता रांगेत उभे आहोत. रांग लांब आहे, असू दे. एक श्वास सावकाश घ्या. सावकाश सोडा.

हातातल्या जुडीकडे बघा. एकेका दूर्वेला तीन पाती, बुडाशी गुंडाळलेला दोरा. तळहाताला ओलावा लागतो आहे. तो जाणवू द्या.

इथे कण्वमुनींचा आश्रम होता, अशी श्रद्धा आहे. दुष्यंताने पाठ फिरवली तेव्हा कण्वांनी शकुंतलेला याच गणपतीची उपासना सांगितली, असं म्हणतात. म्हणूनच लग्न जुळावं, दुरावलेलं माणूस परत यावं म्हणून लोक या विवाहविनायकाकडे येतात.

आपल्या मनात बहुधा कालिदासाची शकुंतला असते. दुर्वासांचा शाप, हरवलेली अंगठी, माशाच्या पोटात सापडलेली खूण. तिथला राजा खरोखरच विसरलेला आहे. महाभारताच्या आदिपर्वातल्या दुष्यंताला मात्र दिलेल्या शब्दासकट सगळं आठवतं. आठवत असताना, मुलगा समोर उभा असताना, भर सभेत तो म्हणतो, मी हिला ओळखत नाही.

इथे थोडं थांबा.

शकुंतला त्याला सांगते, पाप करणाऱ्याला वाटतं कोणी पाहिलं नाही. पण सूर्य, चंद्र, वारा, अग्नी पाहतात आणि हृदयात बसलेलाही पाहतो. हजार अश्वमेध एका पारड्यात घातले आणि सत्य दुसऱ्यात, तरी सत्याचंच पारडं जड. ज्या काळी अश्वमेध फार मोठं पुण्य मानलं जाई, त्या काळी आश्रमात वाढलेली एक मुलगी राजाला हे ऐकवते.

मग आकाशवाणी होते आणि राजा तिला स्वीकारतो. म्हणतो, लोकांनी मुलाच्या कुळाबद्दल शंका घेऊ नये म्हणून तसं बोललो. कारण चांगलंच होतं. आपल्याही खोट्याच्या पाठीशी असं एखादं चांगलं कारण उभं असतं.

रांग पुढे सरकली. आता स्वतःला हळूच विचारा, आठवत असून मी कोणता शब्द नाकारला? भावाचे उसने घेतलेले पैसे. स्थळ बघताना न सांगितलेलं आजारपण. गावी एकट्या असलेल्या आईला दिलेलं ‘पुढच्या रविवारी नक्की’. एक चेहरा समोर येईल. येऊ द्या. कारणं सांगू नका.

श्वास घ्या. सोडा.

गाभारा आला. मूर्तीपुढे मोजके क्षण मिळतात. मागून ‘चला, पुढे व्हा’ सुरूच असतं. तेवढ्यात घरून पाठ करून आणलेलं मागणं मागू नका. एवढंच म्हणा, ‘बाप्पा, मी शब्द दिला होता. मला आठवतो आहे.’ देवाला हे ठाऊक होतंच. आपण आज पहिल्यांदा त्याच्यासमोर कबूल केलं. प्रार्थना इथून सुरू होते.

जुडी देवाच्या पायाशी राहिली. बाहेर तळ्याकाठी बसा. पेशवाईत या तळ्याचा गाळ उपसताना मूर्ती वर आली, अशी कथा सांगतात. हाताला अजून दूर्वांचा वास आहे. तो जायच्या आत त्या माणसाला फोन करा.