धरावे कधी, सोडावे कधी?

आपल्या भाषेने धरण्याच्या पारड्यात फार वजन टाकले आहे. धीर धरावा, तग धरावा, पडत्याचा हात धरावा. सोडणे मात्र बहुधा दोषाचे: साथ सोडली, लाज सोडली, ताळतंत्र सोडले! त्यामुळे धरणारा तो भला आणि सोडणारा तो वाईट, अशी समजूत लहानपणापासूनच मनात रुजते. पण संसारात माणसे सुटलेल्या हातांनी जितकी दुखावतात, तितकीच न सुटणाऱ्या हातांनीही दुखावतात. मग धरावे कधी आणि सोडावे कधी? या प्रश्नाचे उत्तर थोरामोठ्यांनी पुष्कळ ठिकाणी दिले आहे. मला ते मोटरसायकलीच्या एका झिजलेल्या भागात सापडले, असे म्हटले तर वाचकांनी हसू नये.

ज्याने सायकल चालवली आहे त्याला या भागाचे तत्त्व ठाऊकच आहे. पायडल मारले की मागचे चाक फिरते. पाय थांबवले तरी चाक आपले पुढे धावतच राहते. एका दिशेने धरायचे आणि दुसऱ्या दिशेने सोडायचे, हे फ्रीव्हीलचे काम. बटन दाबून सुरू होणाऱ्या मोटरसायकलीत हेच काम स्टार्टर क्लच करतो. आपल्याकडचे मिस्त्री त्याला ‘वनवे’ म्हणतात. पूर्वी मोटारगाडी हँडल मारून सुरू करीत, आणि इंजिनाने उलट झटका दिला की मनगट मोडे. १९१२ साली चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत बसला आणि ही धास्ती गेली. मोटरसायकलीत किक पुष्कळ वर्षे टिकली. १९६९ साली निघालेल्या होंडाच्या सीबी ७५० या गाडीला किकही होती आणि बटनही होते.

जुन्या इंजिनांत या क्लचची रचना अगदी साधी असते. मॅग्नेटच्या पाठीमागे एक जाड कडे. त्यात उतरते केलेले तीन खाचे. प्रत्येक खाच्यात पोलादाचा एक रोलर आणि त्याला ढकलणारी बारीकशी स्प्रिंग. मधोमध स्टार्टरच्या गिअरची गुळगुळीत गोल मान. बटन दाबले की मान फिरते, रोलर खाच्याच्या अरुंद बाजूस जाऊन पाचरीसारखे घट्ट बसतात आणि सारे इंजिन फिरू लागते. इंजिनाने पेट घेतला की कडे मानेपेक्षा वेगाने फिरते, रोलर रुंद बाजूस सरकतात आणि पकड सुटते. ती सुटली नाही तर? स्टार्टरची मोटर पुष्कळ फेरे घेते तेव्हा इंजिनाचा एक फेरा होतो. उलट इंजिनच मोटरीला फिरवू लागले, तर त्या भयंकर वेगात तिच्या चिंधड्या उडतील.

आमच्या शेजारच्या एका तरुणाची अशीच जुनी गाडी मिस्त्रीने खोलली, तेव्हा मी जवळ बसलो होतो. बटन दाबले की मोटर घरघरे, पण इंजिन ढिम्म हलत नसे. “गुरुजी, मोटर ठणठणीत आहे,” मिस्त्री म्हणाला, “आवाज आहे, पकड नाही.” आम्हा शिक्षकांना हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवण्याजोगे वाटावे! त्याने ऑइल काढले, डावीकडचे झाकण उघडले आणि पुलर लावून मॅग्नेट अलगद उपसला. हातोडा मारला असता तर चुंबक फुटले असते. रोलर एका अंगाने चपटे झाले होते, स्प्रिंगा मलूल पडल्या होत्या आणि मानेवर बोटाला जाणवतील असे चरे उमटले होते. “काका, नुसते रोलर टाका,” तरुण म्हणाला. मिस्त्रीने मान हलवली. “चरे पडलेल्या मानेवर नवे रोलरही घसरतील. मानही बदलायची. आणि आधी बॅटरी बघ. मेल्या बॅटरीवर तू रोज बटन दाबत बसलास. इंजिन अर्धवट फिरून उलटे यायचे आणि मार याला बसायचा.”

म्हणजे हा भाग घट्ट धरण्याने झिजला नव्हता. तो अर्धवट धरण्याने आणि घसरण्याने झिजला होता. पूर्ण पकड क्षणभरच लागते. आईबाप, शिक्षक, संस्था काढणारी माणसे ही सारी दुसऱ्याची सुरुवात करून देणारी. ती थकतात ती कामाने नव्हे. धड हाती धरायचे नाही आणि धड मोकळे करायचे नाही, अशा ओढाताणीत त्यांच्या मनावर चरे पडतात. तिशीतल्या मुलाच्या पगाराचा हिशेब मागणारे वडील पाहावेत; संस्थेच्या किल्ल्या जानव्याला बांधून फिरणारे वृद्ध संस्थापक पाहावेत. प्रेम खोटे नसते. पण इंजिन धावू लागल्यावरही न सुटणारी पकड आधी धरणाऱ्यालाच मोडते.

यावर कोणी म्हणेल, ‘मग लवकर सोडावे, म्हणजे झाले!’ तसेही नाही. हा क्लच कंटाळून सोडत नाही, की ‘आता पुरे’ असा हिशेब करून सोडीत नाही. समोरच्याचा वेग आपल्या वेगापुढे गेला, एवढी एकच खूण तो ओळखतो. आपल्या थकव्याला आपण पुष्कळदा वैराग्याचे नाव देतो. मुलाला अजून आपले पाऊल उचलता येत नसताना ‘स्वावलंबन शिकू दे’ म्हणून बाजूला होणे हे सोडणे नव्हे, टाकणे आहे.

आणि मुलाला वाटले आपण धावू लागलो, पण दोन फटके देऊन इंजिन बंद पडले, तर? घरोघरी खरी कसोटी इथेच लागते. पकड सुटली तरी क्लच जागा सोडून कोठे जात नाही. बारीक स्प्रिंग रोलरांना पुन्हा अरुंद बाजूस आणून ठेवते. पुन्हा बटन दाबावे, तो पुन्हा धरतो. ‘मी सांगितले होते’ असे तो म्हणत नाही, आणि मागच्या खेपेचा रुसवाही धरीत नाही. धरण्याजोग्या गोष्टी पुष्कळ आहेत. रुसवा मात्र त्यांतला नव्हे.