चढावर एकटे, धक्क्यावर दोघे

दोन मित्र सायकलवरून लांबच्या वाटेला लागतात तेव्हा पहिल्या काही दिवसांत त्यांना प्रदेश कमी कळतो, एकमेकांचा वेग जास्त कळतो. वर्षानुवर्षं एका कट्ट्यावर बसून मित्राची मतं, त्याच्या आवडीनिवडी, घरच्या अडचणी सगळं ठाऊक झालेलं असतं. तो चढ कसा चढतो, हे मात्र कट्ट्यावर कळत नाही.

मांडव्याला बोटीतून सायकली उतरवून आम्ही दोघे किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याकडे निघालो होतो. अलिबाग, चौल, रेवदंडा हा टप्पा बहुतेक सपाट, दोन्हीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या. सपाटीवर सोबत सोपी असते आणि त्याला कारण हवा. सायकल चालवणाऱ्याची बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते. वेग दुप्पट करायचा तर हवेशी झुंजायला आठपट शक्ती लागते. पुढच्याने हवा फोडली की त्याच्या चाकाला धरून मागून येणाऱ्याचे श्रम हलके होतात. आळीपाळीने पुढे व्हायचं, एवढाच करार. त्यात दमदार कोण आणि दमलेला कोण, हा भेद फारसा उरत नाही. हिवाळ्यात दुपारनंतर वायव्येकडून येणारा वाराही दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीशी असतो.

चढ लागला की करार संपला. तिथे वेग इतका उतरतो की कुणाचा आडोसा कामी येत नाही. हिशेब फक्त वजनाशी, स्वतःच्या आणि कॅरिअरला बांधलेल्या पिशव्यांच्या. प्रत्येक शरीराची चढण्याची एक लय असते. त्याहून जोर केला तर छाती भरून येते, आणि फार हळू गेलं तर सायकल डगमगायला लागते, हँडल स्थिर राहत नाही. म्हणजे पुढच्याच्या मनात कितीही असलं तरी चढावर तो मागच्यासाठी हवा तितका हळू होऊच शकत नाही. तो निघून जातो, वळणाआड दिसेनासा होतो. मागच्याला हे लागतं. दुसऱ्या दिवशी तर जास्तच, कारण बैठकीची हाडं ठणकत असतात, मांड्या भरून आलेल्या असतात आणि रात्रीची झोप पुरलेली नसते. सोबतीने निघालेल्यांची मनं बहुधा याच वेळी दुखावत असावीत. त्यात दोष कुणाचाच नसतो.

कोकणचा किनारा यावर स्वतःच उपाय करून बसलेला आहे. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती. बर्फ वितळलं, समुद्र वर आला आणि सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांच्या मुखांत शिरला. राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्या अशा बुडालेल्या खोऱ्यांच्या आहेत. त्यांच्या मधे जांभ्या दगडाची पठारं, म्हणजे सडे, उंच उभी. म्हणून इथला रस्ता सड्यावरून खाडीकडे उतरतो आणि पलीकडे पुन्हा सड्यावर चढतो. नकाशात किनारा बऱ्यापैकी सरळ दिसतो, पायांना तो तसा लागत नाही. पण या मोठ्या खाड्यांशी उतार संपतो तिथे फेरीबोट आहे. चढावर पुढे गेलेल्याला इथे थांबावंच लागतं.

बाणकोट खाडीवरच्या बागमांडल्याच्या धक्क्यावर मी पोचलो तेव्हा मित्र केव्हाचा येऊन बसला होता. सायकल भिंतीला टेकवून चेनवरची लाल माती फडक्याने पुसत होता. मान वर न करता त्याने पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. ओहोटी होती, काठाचा चिखल उघडा पडला होता आणि त्यावर खेकड्यांची भोकंच भोकं. बोटीचा लोखंडी रॅम्प खडखडत सिमेंटच्या उतारावर टेकला. आधी दुचाक्या उतरल्या, मग एक टेम्पो, मग रिकाम्या पाट्या घेतलेल्या दोन मासळीवाल्या. एकीने आमचं सामान निरखून विचारलं, "एवढं घेऊन सायकलवर? आणि घरच्यांनी सोडलं?" आम्ही दोघेही हसलो. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली सावित्री इथे ऐसपैस पसरलेली असते. बोट मध्यावर आली तेव्हा तो म्हणाला, "सड्यावर मागे वळून बघितलं. तू दिसला नाहीस."

"दिसलो असतो तर काय केलं असतंस?"

"काही नाही. पण बघितलं."

चढावरची माझी रुखरुख तेवढ्यावर संपली.

सोबतीचा विचार करताना एक जुनी सफर आठवते. 1923 साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जग फिरायला निघाले. 1928 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले ते तिघे: अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा. बाकीचे तिघे वाटेत वेगळे झाले. त्यांची गोष्ट सांगताना आपण वाळवंटं आणि मैल मोजतो. मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की चार वर्षांहून अधिक काळ तीन माणसं एकमेकांच्या वेगाला धरून राहिली. आणि जे वेगळे झाले त्यांना कमी लेखायलाही माझं मन घेत नाही.

दापोलीजवळच्या मुरुडात शिरताना महर्षी कर्व्यांची आठवण येतेच. पोरवयात परीक्षेसाठी ते इथून सोबत्यांबरोबर, भर पावसात सह्याद्री ओलांडून साताऱ्याला चालत गेले. वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. तो प्रवास आठवला की वाटतं, चालणाऱ्याला एक मोठी मुभा आहे: सोबत्यासाठी तो वाटेल तितका हळू होऊ शकतो. सायकलला ती मुभा नाही. म्हणून तिच्या वाटेवर खाडी हवी.

रेवस ते रेडी या सागरी मार्गावरच्या खाड्यांवर आता मोठे पूल घातले जाणार आहेत. ते व्हायलाच हवेत. शेवटची बोट सुटून गेल्यावर दाभोळच्या माणसाला समोर दिसणाऱ्या धोपाव्यात आजारी पडलेल्या बापाकडे पोचायला चिपळूणवरून वळसा पडतो. त्याच्यापुढे आमचं सुख ते काय? पण रेवदंड्याला पूल आहे, आणि तो ओलांडताना आम्ही काय बोललो ते मला आठवत नाही. आगरदांड्याला, दाभोळला, तवसाळला बोटीची वाट बघत काय बोललो ते सगळं आठवतं.

तेव्हा सरकारकडे मागणं एवढंच, की पूल झाल्यावरही धक्के मोडू नका. सकाळ-संध्याकाळ का होईना, बोट चालू ठेवा. आणि ज्यांना मित्राबरोबर लांब जायचं आहे त्यांनी पुलांची वाट बघू नये. दिवाळीनंतर हवा चांगली असते, आणि राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड या चारही खाड्यांवर सायकल बोटीत चढवता येते.