पाच तोळ्यांचे वचन

आमच्या केडगावात गेल्या वर्षी शेजारच्या एका सद्गृहस्थांचे घर बांधावयास निघाले. त्या वेळी सकाळच्या एका तासात जितकी मापे माझ्या कानी पडली, त्यांची मी सहज मनाशी यादी केली. जागा ३ गुंठ्यांची; तिचे खरेदीखत मात्र चौरस मीटरांत. वाळू आली ती ब्रासच्या, म्हणजे १०० घनफुटांच्या हिशेबाने. सिमेंट ५० किलोच्या गोण्यांतून. सळई जाडीला मिलिमीटरांची, तर लांबीला फुटांची. गवंडी आपल्या हाताखालच्या मुलास 'साडेतीन फूट दोन सूत' असे ओरडून सांगत होता. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे त्या मुलास कोणत्याही शाळेने शिकविलेले नव्हते. इतक्यात घरधन्यांच्या मातोश्री नातवाचा ताप १०१ वर गेल्याचे सांगावयास बाहेर आल्या. तो अर्थातच फॅरनहाइटचा. आणि नेप्तीच्या बाजाराकडे कांदा घेऊन निघालेला एक शेतकरी रस्त्यात थांबून क्विंटलच्या भावाची चौकशी करीत होता.

ह्या गर्दीत कोणाचीही गफलत झाली नाही. जो तो आपापल्या मापात बोलला व ज्याने त्याने ते बरोबर जाणले. तेव्हा मेट्रिक मापे चांगली की इंग्रजी, हा वाद व्यवहारापुरता आपल्या लोकांनी केव्हाच निकालात काढला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. जेथे जे सोयीचे, तेथे ते. परंतु सोयीचा प्रश्न सुटला म्हणजे नीतीचा प्रश्न सुटतोच, असे नाही. त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी मला आज थोडे लिहावयाचे आहे.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. जुनी मापे ती आपली आणि नवी ती परकी, असे पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. फूट आणि इंच हे इंग्रजांबरोबर आले. आज ते गवंड्याच्या व सुताराच्या जिभेवर इतके रुळले आहेत की त्यांस परके म्हणणे त्यांनाच चमत्कारिक वाटेल. ज्या गुंठ्यास आपण मातीइतका आपला समजतो, तो ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा चौरस आहे. इंग्रज मोजणीदारांची साखळी ६६ फुटांची. तिच्या निम्म्याचा हा वर्ग. आणि असे ४० गुंठे मिळून बरोबर इंग्रजी एकर होतो. नाव देशी, परंतु देह विलायती! उलट मीटर आणि किलोग्रॅम आपल्यावर कोणी जेत्याने लादलेले नाहीत. स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५६ साली कायदा करून ते स्वतः पत्करले. १ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला, आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून वजनामापांचा बदल टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागला. तात्पर्य, स्वदेशी-परदेशी ह्या कसोटीवर हा प्रश्न घासता येत नाही.

हा बदल इष्ट होता, ह्याविषयीही मला संशय नाही. माझ्या वडिलांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी मुखोद्गत होत्या. त्या म्हणून दाखविताना त्यांचा चेहरा उजळत असे. परंतु त्यांनीच मला सांगितले होते की, ज्या मुलांना त्या येत नसत त्यांना दुकानदारापुढे निमूटपणे हात जोडावे लागत. चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण. हा हिशेब ज्याच्या डोक्यात, त्याच्याच हातात बाजार. शिवाय पायली आणि शेर गावोगाव निराळे. धान्य उसने देताना एक पायली आणि वसूल करताना दुसरी, हा सावकारी प्रकार जुन्या माणसांच्या बोलण्यात पुष्कळदा येई.

ही व्यथा केवळ आपली नव्हती. कौटिल्याने अर्थशास्त्रात वजनामापांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी स्वतंत्र प्रकरण घातले आहे. वजने लोखंडाची किंवा मगध व मेकल येथल्या दगडाची असावी, अथवा पाण्याने वाढणार नाहीत व उष्णतेने घटणार नाहीत अशा पदार्थाची असावी, असे तो बजावतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील कुळांच्या तक्रारींत जमीनदारांच्या फुगणाऱ्या मापांचे गाऱ्हाणे होते. त्या राज्यक्रांतीतूनच १७९५ साली मेट्रिक पद्धतीचा कायदा निघाला. दहाने गुणावे व दहाने भागावे, एवढ्यावर सारा हिशेब आला. आणि जे गणित शहाण्यांचे भांडवल होते, ते सर्वांचे झाले. एकच माप सर्वांना, ही समतेची फार मोठी पायरी आहे.

मग उणे कोठे राहिले? ते मला ज्या प्रसंगाने कळले, तो प्रसंग असा.

१९५४ साली आमच्या मळ्यातील विहीर बांधून काढावयाची होती आणि घरात पैसा नव्हता. पारनेराकडे दिलेली माझ्या वडिलांची आत्या त्या वेळी माहेरी आली होती. तिने आपल्या अंगावरचे सोने काढून माझ्या आजीच्या, म्हणजे आपल्या वहिनीच्या, हातात ठेवले. 'सोने दिले आहे, सोनेच परत करा. घाई नाही,' एवढेच ती म्हणाली. आजीने एका चिठीवर 'सोने तोळे ५' असे लिहवून घेऊन ती चिठी देवघरातील डबीत ठेवली. विहिरीस पाणी लागले, मळा पिकला, मुले शिकली. देणे मात्र राहून गेले. ती आत्या वारली. १९९३ साली आजीने अंथरुणावरून दोन्ही मुलांना जवळ बोलावून ती चिठी दाखविली आणि आत्याच्या मुलीस सोने पोहोचते करण्याचे वचन घेतले.

आजीचे दिवस झाल्यावर वडील, काका व मी असे बसलो. काका म्हणाले, "५ तोळे म्हणजे ५० ग्रॅम. उद्याच आणू." सराफकट्ट्यावर तोळा म्हणजे १० ग्रॅम, हे त्या वेळीही सर्वमान्य होते व आजही आहे. वडील म्हणाले, "१९५४ सालचा तोळा दहा ग्रॅमचा नव्हता." आणि खरोखरच तो नव्हता. जुना तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, असे ५ तोळे म्हणजे ५८.३२ ग्रॅम. अंतर सव्वाआठ ग्रॅमांचे, म्हणजे मूळच्या सोन्याच्या सुमारे सातव्या हिश्शाचे.

मी त्या वेळी तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. करीत होतो आणि नव्या विद्येची धुंदी होती. मी काकांची बाजू घेतली. शब्दाचा अर्थ रूढीने ठरतो. आज तोळा ह्या शब्दाची रूढी १० ग्रॅमांची आहे. चिठीत शब्द तोळा असा आहे. सबब देणे ५० ग्रॅमांचे, असा मी मुद्देसूद युक्तिवाद केला. काकांनी त्यात भर घातली की, १९५४ च्या मानाने सोन्याचा भाव कितीतरी पटींनी चढला आहे, तेव्हा तिचे नुकसान कसले? शिवाय ती बिचारी ५ तोळ्यांचीच वाट पाहते आहे. तिला ग्रॅम ठाऊकही नाहीत.

वडिलांनी वाद घातला नाही. देवघरातील लक्ष्मीपूजनाचे जुने चांदीचे ५ कलदार रुपये त्यांनी रुमालात बांधले आणि मला घेऊन सराफाकडे गेले. तो रुपया वजनाला बरोबर १ तोळा असे, आणि पूर्वी घरोघर सोने त्याच्यानेच तोलीत. काट्यावर ते ५ रुपये ५८ ग्रॅमांना किंचित कमीच भरले. सराफ म्हणाला, "गुरुजी, नाणी झिजली आहेत." वडील म्हणाले, "नाणी झिजली, म्हणून देणे झिजत नाही." आणि त्यांनी कागदावर गुणाकार करून ५८.३२ ग्रॅमांचे सोने घेतले. परत येताना ते मला एवढेच म्हणाले, "त्या दिवशी पारड्यात सोने होते, शब्द नव्हता."

ह्या वाक्याने माझा सारा युक्तिवाद कोसळला, कारण त्यातील चूक मला तत्काळ दिसली. शब्दाचा अर्थ रूढीने ठरतो हे खरे. पण वचनाचा अर्थ वचन दिले त्या दिवशीच्या रूढीने ठरतो, ते फेडण्याच्या दिवशीच्या नव्हे. हल्ली बाजारात भाजीवाली पावशेर म्हणून २५० ग्रॅम घालते. जुना पावशेर सुमारे २३३ ग्रॅमांचा. म्हणजे तेथे गिऱ्हाइकाला जास्त मिळते व तोळ्यात कमी. तरी ह्या दोन्ही ठिकाणी कोणी कोणास फसवीत नाही, कारण माल आणि दाम दोन्ही त्याच क्षणी उघड्यावर असतात. फसवणूक शिरते ती काळाच्या फटीतून: घेणे एका मापाच्या काळात, देणे दुसऱ्या मापाच्या काळात, आणि मधल्या फरकाचे ज्ञान एकाच पक्षाकडे. दोन पायल्या बाळगणाऱ्या सावकारात व आमच्यात त्या दिवशी अंतर इतकेच होते की, त्याची दुसरी पायली त्याने करून घेतलेली होती आणि आम्हाला ती काळाने आयती करून दिली होती.

१९९९ साली मंगळाकडे पाठविलेले एक अमेरिकन यान असेच नष्ट झाले. एका गटाने यंत्राच्या रेट्याचे आकडे इंग्रजी मापात दिले व दुसऱ्याने ते मेट्रिक समजून वापरले. तेथे लबाड कोणीच नव्हते; आकडा पोहोचला, पण त्यामागचे माप पोहोचले नाही. यानाच्या बाबतीत ती चूक ठरते. परंतु जेथे आपणास फरक ठाऊक असून आपण गप्प बसतो, तेथे तिला चूक म्हणता येत नाही.

कायदा ह्यात किती मदत करू शकतो? माप स्थिर ठेवण्याचे काम तो उत्तम करतो. फ्रान्समध्ये जपून ठेवलेल्या मूळ किलोग्रॅमच्या गोळ्यात व त्याच्या प्रतिकृतींतदेखील शंभर वर्षांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमांचा फरक आढळला. म्हणून २०१९ सालापासून शास्त्रज्ञांनी किलोग्रॅम धातूच्या गोळ्यावर न ठेवता निसर्गाच्या एका स्थिरांकावर बसविला. झिजणाऱ्या नाण्याचे दुःख जगाने अशा रीतीने संपविले. कौटिल्याला ह्याचा आनंद झाला असता. परंतु अमुक वचन कोणत्या मापात दिले होते, हे स्मरण ठेवण्याचे काम कोणत्याही प्रयोगशाळेस करता येत नाही. ते ज्याचे त्याने करावयाचे.

वडिलांनी सोने दिले तो प्रसंग सांगून हा विषय संपवितो. आत्याची मुलगी, जिला मीही आत्याच म्हणतो, घरी आली. वडिलांनी पाटावर सोने ठेवले आणि ग्रॅमांचा हिशेब तिला समजावून सांगितला. ती म्हणाली, "दादा, इतके कशाला? ५ तोळे म्हणजे पन्नासच ना? वरचे माहेरची भेट समजेन मी." वडील एकदम म्हणाले, "भेट नव्हे. हे सारे तुझेच." मग आईने तिची ओटी भरली, लुगडे दिले. ते पाहून वडील म्हणाले, "ही भेट."

पूर्वी पायलीने धान्य मापताना काठाच्या वर शीग चढवीत. काठापर्यंतचे ते माप, वरची ती शीग. सपाट मापे आली, काटे आले, आणि शीग व्यवहारातून गेली. 'शिगेला पोहोचणे' एवढाच तिचा अवशेष भाषेत उरला. त्याबद्दल हळहळणारे माझ्या ओळखीचे पुष्कळ आहेत, आणि मीही त्यांतला एक होतो. परंतु त्या दिवसापासून मला असे वाटू लागले आहे की, शिगेला किंमत येते ती काठ पुरता भरल्यानंतरच. काठ रिकामा ठेवून वर शीग दाखविणे, म्हणजे देण्यात उणे करून भेटीत उदार होणे, हा आपल्या घरंदाज व्यवहारातील फार जुना दोष आहे. आणि त्यात बळी पडतात त्या बहुधा हिशेब न विचारणाऱ्या लेकीबाळी.

वडील जाऊन आता काही वर्षे झाली. मळ्याच्या जागी हळूहळू घरे उठत आहेत. त्यांनी माझ्या बहिणीस '१० गुंठे तुझे' असे तोंडी सांगितले होते. गेल्या महिन्यात वाटणीचा कागद करताना लिहिणाऱ्याने सवयीने '१० आर' असे घातले. गुंठा आणि आर एकच, असे सारेच धरून चालतात. ते एक नाहीत. गुंठा १०१.१७ चौरस मीटरांचा, आर बरोबर १०० चा; १० गुंठ्यांत फरक पडतो पावणेबारा चौरस मीटरांचा, म्हणजे एका लहानशा खोलीइतका. मी ते खोडावयास सांगून '१० आर १२ चौरस मीटर' असे लिहवून घेतले. माझा पुतण्या हसून म्हणाला, "काका, आत्याने कुठे मागितले होते?"

त्याच्या वयाचा असताना मीही हेच म्हणालो होतो. मी त्याला देवघरातली ती डबी आणून दाखविली.