थोरला भाऊ घरात गेला का?

बडोद्याच्या सुभानपुऱ्यात एका घरी कौटुंबिक उपासनेत लूक १५ वाचला, तेव्हा एका मुलाने विचारले, "मग शेवटी थोरला भाऊ घरात गेला का?" आम्हांला उत्तर देता आले नाही. प्रभूने ते सांगितलेलेच नाही. बापाची समजूत घालणारी वाणी ऐकू येते आणि दाखला तेथेच थांबतो.

आम्हां ख्रिस्ती लेखकांना असे थांबणे जड जाते. बाबा पदमनजींच्या १८५७ मधील 'यमुनापर्यटन' या कादंबरीपासून आम्ही बोध उघड सांगत आलो. विधवांच्या हालअपेष्टांविषयी तसे बोलणे तेव्हा अगत्याचेच होते. पण प्रत्येक कथेच्या शेवटी तात्पर्य जोडले, की वाचक मान डोलावून पान उलटतो. जी. ए. कुलकर्णी यांच्या 'काजळमाया'तील कथा मात्र संपल्यावरही मनात घोळत राहतात. मनुष्याच्या दुःखाचे उत्तर आपल्या खिशात असल्याचा आव त्या आणीत नाहीत.

तथापि गूढता म्हणजे लपवाछपवी नव्हे. लेखकाने मुद्दाम दडवलेले एकदा कळले, की नवल संपते. खरे गूढ उघड्यावर असते. मार्क ४ मधील शेतकरी बी टाकतो, निजतो, उठतो. रोप डोळ्यांदेखत वाढते, पण ते कसे, हे त्याला उमगत नाही.

तेव्हा कथा लिहिताना जे ठाऊक आहे ते प्रामाणिकपणे सांगावे; जेथे ठाऊक नाही तेथे नम्रपणे थांबावे. थोरला भाऊ अजून दाराबाहेर उभा आहे. त्याच्या जागी आपण असतो तर आत गेलो असतो का, हे ज्याचे त्याने प्रार्थनापूर्वक स्वतःला विचारावे.