गाव जागेवरच, जिल्हे तीन

समजा, उदगीरला 1940 साली जन्मलेल्या माणसाने आयुष्यभर गावाची वेस ओलांडली नाही. तरी त्याने तीन राज्ये आणि तीन जिल्हे पाहिले असते. जन्म हैदराबाद संस्थानातल्या बीदर जिल्ह्यात. सोळाव्या वर्षी तो द्विभाषिक मुंबई राज्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गेला, विसाव्या वर्षी महाराष्ट्रात आला आणि ऑगस्ट 1982 मध्ये लातूर जिल्ह्याचा रहिवासी झाला.

त्याच्याच वयाचा भैंशाचा माणूस नांदेड जिल्ह्यात जन्मला. 1956 साली तो आंध्र प्रदेशातल्या आदिलाबादचा झाला, 2014 साली तेलंगणाचा आणि 2016 पासून निर्मल जिल्ह्याचा. तीन राज्ये, तीन जिल्हे, हिशेब तोच.

1 नोव्हेंबर 1956 या तारखेला मराठवाड्यात भाषावार प्रांतरचनेचा विजय म्हणून मान आहे, आणि तो रास्तच आहे. पण त्या दिवशी कात्री नेमकी कुठून फिरली, हे फारसे कोणी सांगत नाही. राज्य पुनर्रचना कायद्याने सगळीकडे अख्खे तालुके उचलले नाहीत. काही ठिकाणी गिरदावराच्या, म्हणजे महसूल निरीक्षकाच्या, सर्कलपर्यंत खाली उतरून तुकडे पाडले. मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कले, देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कले नांदेड जिल्ह्यातून तेलुगू मुलखात गेली. आदिलाबादकडून किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल नांदेडच्या पदरात पडले. बीदरचे तर तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा इकडे आले. जहीराबाद-नारायणखेडचा भाग आंध्रात गेला. बीदर शहरासह उरलेला मुलूख म्हैसूर राज्याला मिळाला.

राजुऱ्याची गोष्ट त्यातही वेगळी. वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जवळच, पण जिल्हा कचेरी नांदेडला! तीन वर्षांत चूक उमगली आणि 1959 साली राजुरा तेव्हाच्या चांदा जिल्ह्याला जोडला गेला. मुधोळ-बिचकुंद्याच्या वाट्याला अशी दुरुस्ती आली नाही.

अशी उलथापालथ जगात इतरत्रही झाली. नॉर्वेत 1837 च्या कायद्याने खेड्यापाड्यांना आपापला स्थानिक कारभार मिळाला. पुढे 1960 च्या दशकातल्या विलीनीकरणात सातशेहून अधिक पालिकांच्या साडेचारशेच्या आसपास उरल्या. पण तिथे गावोगावी ग्रामेतिहासाचे जाडजूड खंड लिहिण्याची रीत आहे. कोणते शेत कोणाकडून कोणाकडे गेले, त्या घरात कोण जन्मले, हे पिढ्यानपिढ्यांचे तपशील त्यांत सापडतात. पालिका संपली तरी तिची माणसे पुस्तकात राहतात. आपल्याकडे मुधोळची सर्कले गेली आणि त्यांच्या नांदेडी काळाची आठवण गॅझेटियरमधल्या दोन-चार ओळींवर सोपवून आपण मोकळे झालो.

व्यवहाराने मात्र जुना नकाशा सोडला नाही. नांदेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या गाडीत बसा. धर्माबाद हे महाराष्ट्रातले शेवटचे स्थानक, पुढचे बासर. पोराच्या हाती पहिल्यांदा पाटी द्यायची तर नांदेडकडची कितीतरी कुटुंबे आजही बासरच्या सरस्वतीपुढेच बसतात. देवणी गाय-बैलांनाही सीमा ठाऊक नाही. वानेरा, बालंक्या, शेवरा या तिन्ही रंगांची जनावरे लातूरच्या शिवारात दिसतात, तशी बीदरच्याही. उलट दिशेचा ओढाही आहे. 2018 साली धर्माबाद तालुक्यातल्या गावांनी तेलंगणात जाण्याची मागणी केली. कारण भाषेचे नव्हते. पलीकडच्या शेतकऱ्याला मिळणाऱ्या सरकारी योजनांचे होते.

आणि आता कागदांना भाव आला आहे. मराठवाड्यात जमिनीचा वाद निघाला की 1954-55 चा खासरा पाहणीचा उतारा मागतात. तो कागद राज्य पुनर्रचनेच्या आधीचा. मराठा आरक्षणाच्या मागणीतून 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने निजामकालीन दप्तरांचा माग हैदराबादपर्यंत काढला. 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियर सरकारी कामकाजात आणले. आजोबांचे नाव शोधणाऱ्या नातवाला तेव्हा पहिल्यांदा कळते, की आजोबांचा जिल्हा वेगळा होता.

तेव्हा माजघरातली ट्रंक उघडा. उर्दूतले मुंतखब (इनामाचे दाखले), जुने उतारे रद्दीत घालू नका. त्यांवरची तालुक्या-जिल्ह्याची नावे उतरवून ठेवा. कारण हैदराबाद राज्याच्या दप्तरात उदगीर आजही बीदरच्या खाती आहे, आणि भैंसा नांदेडच्या.