कान्होपात्रेचा चेहरा कोणता?

श्रीपूर-बोरगावच्या टापूतून दर आषाढीला तुकोबांची पालखी पंढरपूरला जाते. या वाटेवर ज्ञानोबा-तुकोबांच्या तसबिरी घरोघरी दिसतात. मंगळवेढ्याच्या संत कान्होपात्रेची मात्र शोधावी लागते. गणिकेची ही मुलगी. बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं तेव्हा तिनं विठ्ठलाच्या पायी देह ठेवला, असं परंपरा सांगते. तिची समाधी पंढरपूरच्या मंदिरातच आहे. विसाव्या शतकात तिचं सर्वांत गाजलेलं रूप होतं बालगंधर्वांचं, 1931 साली रंगभूमीवर आलेल्या ‘संत कान्होपात्रा’ नाटकातलं. बालगंधर्वांच्या गाण्यानं ती मराठी मनात घर करून राहिली, हे ऋण मोठंच आहे. पण चेहरा तिचा नव्हता. आज स्त्रीवादी चित्रकार विस्मरणात गेलेल्या स्त्रियांची व्यक्तिचित्रं रंगवतात, तेव्हा हाच प्रश्न उभा राहतो: जिला पाहून कोणी चित्र काढलं नाही, तिला चेहरा देणं सत्याला धरून आहे का?

पहिला आक्षेप अध्यात्माचा. देह नाशवंत, नामरूप मिथ्या. मग संताच्या चेहऱ्याचा सोस कशाला? पण हाच वारकरी संप्रदाय विटेवरच्या सगुण मूर्तीसाठी शेकडो मैल चालतो. शिवाय देह गौण आहे हे त्या स्त्रियांना कसं सांगायचं, ज्यांना देहामुळेच दाराबाहेर ठेवलं? चोखोबांची पत्नी सोयराबाई विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न विचारते. सतराव्या शतकातली बहिणाबाई आत्मचरित्रपर अभंगांत स्त्रीजन्मामुळे वेद नाकारले गेल्याची सल मांडते. यांचं तत्त्वज्ञान देहातून, अनुभवातून आलं आहे. तो देह पुसून उरलेली वचनं तेवढी जपली, तर त्यांचं म्हणणं अर्धंच ऐकलं असं होईल.

दुसरा आक्षेप इतिहासाचा: कल्पनेचं चित्र पुराव्यासारखं मिरवलं जाईल. ही भीती खरी आहे. पण ज्ञानोबांची घरोघरची तसबीरही कल्पनेचीच आहे. कसोटी लावायची तर सर्वांना एकच लावावी. कान्होपात्रेच्या बाबतीत धोका आणखी एक आहे. तिला केवळ लावण्यवती रंगवलं, तर चित्रकार बादशहाच्याच नजरेनं तिच्याकडे पाहतो. म्हणून चेहऱ्याच्या रेखीवपणापेक्षा तिची नजर महत्त्वाची: पाहिली जाणारी नव्हे, विठ्ठलाकडे रोखून पाहणारी. तसंच दळण दळणारी संत जनाबाई रंगवताना जात्याच्या खुंट्यावर आवळलेली बोटं, ताठलेलं मनगट आणि पाळीवर साचलेलं पीठ यांना चेहऱ्याइतकीच जागा हवी. तिचे अभंग याच कष्टांतून उमटले. अमेरिकेत स्त्रीवादी कलावंत जुडी शिकागो यांनी 1979 साली पूर्ण केलेल्या ‘द डिनर पार्टी’ या मांडणीशिल्पात 39 स्त्रियांसाठी पानं मांडली, 999 नावं फरशीवर लिहिली. चेहऱ्यावाचूनही मान देता येतो, हे त्यातून दिसतं. तरी आपल्याकडे दर्शनाला मोल आहे, म्हणून चित्र हवंच. मात्र त्याखाली चित्रकाराचं नाव, ‘कल्पनाचित्र’ अशी स्पष्ट नोंद आणि त्या संत स्त्रीचा अभंग, तिन्ही असावीत. मग पाहणारा चेहऱ्यापाशी थांबणार नाही, तिचं म्हणणं वाचेल. आणि तेच या चित्रांचं प्रयोजन आहे.